तिनं ओढलेली तार

५ नोव्हेंबर, सोमवार

आसगावच्या मिलमधून तांदूळ भरून निघालो. गाव मागे पडलं नाही तोच गाडी बंद. आचका नाही, धूर नाही, कळ दाबून दिवा घालवावा तशी गप्प. उतरलो, डिझेलचा हातपंप मारला, पाच-दहा मिनिटं शिव्या दिल्या, परत सेल मारला तर चालू. पुढे साकोलीपर्यंत एकदाही खोकली नाही.

साकोलीत हायवेवर गजूभाऊ, इंजिनाचे पंप दुरुस्त करणारा, आणि रफीकभाई इलेक्ट्रिशियन, दोघांची दुकानं भिंतीला भिंत लावून. गजूभाऊ म्हणे, "वायरिंगचं लफडं हाय, रफीककडे ने." रफीकभाई म्हणे, "वायरिंग चकाचक है, डिझेल नाई येऊन राहिलं, गजूकडे ने." आणि दोघांच्या दारात गाडी अशी गुरगुरत उभी, जशी काही हिला जन्मात कधी ताप आलाच नाही. मला खोटं पाडते. गोंदिया वेगळा झाला त्या साली घेतली ही, तेव्हाही नवी नव्हती. म्हातारी झाली आणि नखरे शिकली.

रफीकभाई म्हणे, येणारा-जाणारा फॉल्ट पान्यानं सापडत नाही. लिहीत जा. कधी बंद पडली, कुठे, गाडी गार होती का गरम, लोड होता का नाही. म्हणून मिलवाल्यांनी दिलेली ही डायरी काढली. वर्ष संपत आलं, कोरीच होती.

गाडीचं लिहिणं माझं काम नव्हतं. फेऱ्या, डिझेल, टायर, सगळं पोरगी लिहायची. तिचं नाव लिहायला गेलो तर व पर्यंत आलो, पुढे हात चालेना. व.च राहू दे.

८ नोव्हेंबर, गुरुवार

गजूभाऊनं टाकी खोलली. तळाला पाणी, त्यावर भाताचा कोंडा तरंगतो आहे. म्हणे, "गाडीले डिझेल पाजतं का पेज?" नळीचे वॉशर बदलले, फिल्टर बदलला, हवा काढली. वॉशर खरंच कापले गेले होते. गजूभाऊ ते हातावर घेऊन रफीकभाईला दाखवून आला. रफीकभाईनं चहा सांगितला. हरला की तो चहा सांगतो.

परत येताना गाडी छान. एकट्यानं शिटी वाजवत आलो. वाटेत मिलचा मुनीम दुचाकीवर भेटला, त्यानं गाडीचं विचारलं आणि मग हळूच, "पोरीचं समजलं. लय वाईट वाटलं. तुमाले काईच पत्ता नव्हता म्हणते?"

म्हटलं, "मले माहीतच नव्हतं."

शिटी तिथेच थांबली.

११ नोव्हेंबर, रविवार

अड्याळच्या अलीकडे पुन्हा बंद. सकाळची वेळ, गवतावर दव, इंजिन गार. ऊन चढल्यावर आपोआप चालू. डिझेल बाटलीत काढून पाहिलं, स्वच्छ. म्हणजे गजूभाऊचा रोग बरा झाला, खाली दुसरा होताच.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. दिवाळी

गाडी धुतली. नारळ फोडला. झेंडूचा हार दरवर्षी व. घालायची, बंपरवर चढून, आणि गाडीच्या दोन्ही डोळ्यांना काजळ म्हणून ग्रीस लावायची. आज हार मी घातला. ग्रीस लावलं नाही.

कमलनं, म्हणजे हिनं, चकल्या केल्या. एक डबा वेगळा भरून फळीवर ठेवला. कोणासाठी, मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

मागावर जूनपासून अर्धी साडी तशीच. वर चादर टाकली आहे. घरात आता तो एकच माग, कमलचा. मी तर कधीच धोटा सोडून स्टेअरिंग धरलं. ही साडी व.च्या लग्नासाठी लावली होती, मुलगा ठरायच्या आधीच. कमल म्हणायची, "पोरगा भेटल बाप्पा, साडी लवकर होत नाई." उलटं झालं. पोरीनं वरठीच्या पोराशी लग्न केलं, कोर्टात आणि मग विहारात. पांढरी साडी नेसून. आईला फोन आला तो लग्न झाल्यावर. मला तोही नाही.

बाप म्हणून काय कमी केलं मी? नाही, खरंच विचारतो. पान्यांचे नंबर पोरीला बाराखडीच्या आधी येत होते. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घातली तेव्हा अख्खी आळी हसली, मी नाही हसलो. आणि हिला एवढी गोष्ट मला सांगावीशी वाटली नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

भाऊबीज. दादाकडे जेवण. दादा माझा मोठा भाऊ, चार घरं सोडून राहतो. बाबा गेल्यावर यानंच मला वाढवलं. त्याच्या पोराला दरवर्षी व. ओवाळायची. यंदा पोरगा पाट मांडला नाही म्हणून बाहेरच बसून होता, मोबाइलवर. बासुंदी चांगली झाली होती.

जूनमध्ये याच अंगणात समाजाची माणसं बसली. दादा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "माझ्या भावाले विचारा. याले माहीत नव्हतं. पोरीनं धोका देला." माझ्याकडे पाहिलं सगळ्यांनी. मी म्हटलं, मले माहीतच नव्हतं. त्या एका वाक्यावर आमचं येणं-जाणं वाचलं. लग्नाला बोलावणं येतं, मयतीला खांदा मिळतो. फक्त पोरीशी संबंध नाही, हे ठरलं. त्या पोराच्या जातीचं नाव घेऊन एकजण जे बोलला ते इथे लिहीत नाही.

आणि मी खोटं तर बोललो नाही ना. नव्हतंच माहीत.

२१ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं. अर्धं सापडलं.

साकोलीच्या अलीकडे सकाळीच बंद पडली आणि या खेपेला हट्टानं बंदच राहिली. रफीकभाईला फोन केला, तो स्कूटरवर करंट तपासायचा दिवा घेऊन आला. पंपावर जी विजेची कळ आहे ना, सोलेनॉइड, तिला करंट मिळाला तर ती डिझेल सोडते, नाही मिळाला तर बंद. दिवा लावला. नाही पेटला. म्हणजे डिझेल आहे, पंप बरा आहे, वरून करंटच येत नाही. "देखा? आखिर मेरा ही निकला," म्हणे. स्वतःचं निघालं याचा एवढा आनंद झालेला माणूस पहिल्यांदा पाहिला.

मग तार हातात धरून म्हणाला, "ही कंपनीची तार नाई. किसने डाला?"

"पोरीनं."

त्यानं तार हळूच सोडली. त्यालाही सगळं माहीत.

तीन वर्षांमागची गोष्ट. जुना पंप मेला, गजूभाऊनं नव्या गाडीचा पंप आणून बसवला. त्याला ही कळ होती, आमच्या गाडीत तिची तारच नाही. व. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणे, बाबा, मी ओढते. दोन दिवस गाडीखाली. चावीपासून पंपापर्यंत अशी नेली की वरून बोटभरही दिसत नाही. मध्ये तार अपुरी पडली, तिथे सांधा दिला. इंजिनच्या गरमीनं टेप सुटते, म्हणून कमलनं मागावरचं रेशीम दिलं. व.नं तुटलेला धागा सांधतात तसा तांब्याला पीळ दिला, दोघी मायलेकींनी त्यावर रेशीम गुंडाळलं, गच्च, एकावर एक, आणि वरून मेण. मी पाहतच राहिलो होतो. म्हटलं, ही तार आता माझ्यानंतरही चालणार.

रफीकभाईला सांधा दिसेना. तार कॅबिनच्या खाली कुठेतरी शिरते आणि पंपापाशी निघते. म्हणे, "छोड ना. नई तार डाल देतो, चहा येईपर्यंत. ही राहू दे मेलेली आतमध्ये."

मी नको म्हटलं.

"काहून?"

"पाहू मंग."

माझ्याकडे पाहिलं त्यानं. मग दोन चिमटे लावलेला एक तारेचा तुकडा दिला. बंद पडली की बॅटरीपासून थेट पंपाला लावायचा. तात्पुरतं, म्हणे. तात्पुरतं.

२६ नोव्हेंबर, सोमवार

चिमट्यावर चाललो आहे. रोज सकाळी एकदा तरी. आज गजूभाऊ बोललाच, "पाच मिनिटाचं काम हाय, करून काहून नाई घेत? गाडीवर प्रेम हाय का दुश्मनी?" मी त्याच्यावर ओरडलो. कधी ओरडत नाही. तो पाना खाली ठेवून आत गेला.

इथे तरी खरं लिहितो. नवी तार टाकली की गाडी बरी होईल. मग वरठीला फोन करायला कारण काय राहील? आता निदान म्हणता येतं, बाई, तू तार कुठून नेली तेवढं सांग. कामाचा फोन. बापाचा नाही, गाडीवाल्याचा.

असा विचार करणारा माणूस येडाच. पण आहे.

२ डिसेंबर, रविवार

फोन केला. कमल नदीवर गेली होती. नंबर तिच्या मोबाइलमध्ये "वरठी" म्हणून आहे. हिनं कधी घेतला कोण जाणे.

दोन रिंग. तिकडे कुकरची शिटी ऐकू आली. मग, "बाबा?"

मी काही बोललो नव्हतो. श्वासही घेतला नव्हता. आईच्या नंबरवरून फोन, तरी आई म्हणाली नाही, बाबा म्हणाली.

कापला मी.

तिनं परत केला नाही. मी तो फोन हातात धरून बसून होतो, कमल येईपर्यंत. आली, पाहिलं, ओले कपडे वाळत घालायला निघून गेली. रडावं वाटलं तर रडलो, त्यात काय.

७ डिसेंबर, शुक्रवार

वरठीचा माल. तांदूळ रेल्वेत चढवायचा. मिलवाल्याला दुसरी गाडी मिळाली नाही. मुद्दाम घेतला नाही मी.

धुवारी, म्हणजे धुकं, इतकी की बोनेट दिसेना. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पाळी सुटायच्या नि लागायच्या वेळेला, गाडी बंद. चहूकडून सायकली, मोटरसायकली, हॉर्न. मी चिमटे घेऊन उतरलो तर एक मोटरसायकल बाजूला लागली. पोरगा हेल्मेट काढून उभा.

"मामाजी."

जवाई सासऱ्याला म्हणतात तसं. सुमेध. फोटोत पाहिला होता फक्त. फोटोपेक्षा बारीक आहे.

तो म्हणाला, "कोणता चिमटा धरू?" मी पंपाकडचा दाखवला. तो वाकून धरून राहिला, मी वर चढून सेल मारला. चालू झाली. खाली आलो तर बोटाला तेल लागलेलं, ते पँटला पुसू का नको असं करत होता.

"तिले बलावू? इथंच हाय घर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, डाव्या हातावर. निळा दरवाजा."

"नको. माल उतरवायचा हाय."

"बरं." तरी गेला नाही. गाडी हलेपर्यंत उभा. त्याची ड्युटी लागून गेली असणार.

वाईट पोरगा असता तर बरं झालं असतं. मग रागावता आलं असतं एकदाचं. निळा दरवाजा जाताना पाहिला, येतानाही पाहिला. दोन्ही वेळा बंद होता.

१२ डिसेंबर, बुधवार

दादा आला. खाटेवर बसला, पाणी पिला, मग, "वरठीले गेलता म्हणते."

"मिलचा माल होता."

"भेटली का?"

"नाई." हे खरंच.

दादानं मान हलवली. सुटल्यासारखा दिसला. जाताना उगाच गाडीच्या चाकावर हात ठेवून उभा राहिला. व. लहान असताना हाच तिचा मोठेबाबा तिला खांद्यावर घेऊन वैनगंगेच्या घाटावर न्यायचा, कावळे दाखवायला. त्यालाही दुखतं. पण तो बोलणार नाही आणि मी विचारणार नाही. आमच्या घराची रीतच ती.

१९ डिसेंबर, बुधवार

आज मेलो असतो.

सकाळच्या गारठ्यात साकोलीकडे पुलावर भर लोडमध्ये बंद पडली. मागून एसटी. ब्रेकचा असा आवाज की अजून कानात आहे. हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हर खाली उतरून जे बोलला ते बरोबरच बोलला. खिडकीतून एक बाई पोराला छातीशी धरून माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. नुसतं पाहत होती.

रफीकभाईला सांगितलं. वाटलं समजून घेईल. तो पेटलाच. "तू मरेगा, और दूसरे को लेके मरेगा! एक तारेसाठी?" म्हणे, माझ्या दुकानात पुन्हा यायचं तर तार बदलायला ये, नाहीतर येऊ नको. चहा सांगितला नाही.

घरी येऊन कमलला सगळं सांगितलं. चिमट्याचं, पुलाचं, फोनचं पण. फोनचं तिला माहीत होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, मग म्हणाली, "तिचीच तार हाय ना. तर मंग तिलेच काढू द्या."

"समाजात ठरलं हाय."

"गाडीचं थोडी ठरलं हाय."

तोवर गाडी उभी ठेवली. मिलवाल्याला सांगितलं, मालाची दुसरी सोय करा.

४ जानेवारी, शुक्रवार

कमलनं फोन करून ठेवला होता. मी रिकामी गाडी घेऊन निघालो, ऊन चढल्यावर, हळूहळू, चिमटे लावूनच. कमल म्हणाली नाही की मीही येते. डबा दिला फक्त. चकल्या दिवाळीच्या, दुसऱ्यांदा तळल्यासारख्या झालेल्या, पण त्याच.

फाटकाच्या अलीकडे व. रस्त्यावर उभी होती. सलवार खोचलेली, हातात टेस्टर, पक्कड, केसांना फडकं. मला वाटत होतं रडेल. तिनं पहिलं वाक्य काय म्हणावं? "इंडिकेटर फुटला हाय तुमचा."

मी म्हटलं, "माहीत हाय."

गाडीखाली शिरली. मी बाजूला उकिडवा बसलो, पूर्वी तिला पान्यांची नावं सांगायला बसायचो तसा. आता मागत होती ती, देत होतो मी. दहाचा, बाराचा. हात कुठे घालायचा हे तिला पाहावंच लागलं नाही. कॅबिनच्या खालच्या पोकळ पट्टीतून एक तुकडा ओढून बाहेर काढला. सांधा.

रेशीम काळं पडलेलं, मेण केव्हाच वितळून गेलेलं. उलगडलं तर आत तांबं हिरवंगार, भुकटी झालेली, दोन-चार बारीक तारा तेवढ्या धरून होत्या. दवाची ओल रेशमानं पिऊन ठेवली होती. गार झालं की सुटायचा, तापला की धरायचा. एवढंच.

"रेशीम गुंडाळायला नाई पायजे होतं," म्हणाली. "साडीच्या घरची अक्कल. सर हासले असते मले."

"तीन वर्षं चालली."

"चालली म्हणून काय झालं." मग गाडीखालूनच, तोंड न दाखवता, "कधीपासून बंद पडून राहिली?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मंग फोन काहून नाई केला? केला तर कापला काहून?"

आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. सहा महिने जे आत होतं ते बाहेर आलं. म्हटलं, "तूनं काहून नाई सांगतलं? मले. दुसऱ्या कोणाले नको. मले. मी नाई म्हटलं असतं का?"

पक्कड वाजायची थांबली. म्हणाली, "नाई. तुमी हो म्हटलं असतं."

"मंग?"

"म्हणूनच तं नाई सांगतलं. तुमी हो म्हटलं असतं अना मोठेबाबानं सगळ्यांसमोर विचारलं असतं, तुले माहीत होतं का. तुमाले खोटं बोलता येते का, बाबा? नाई येत. तुमाले समाजातून काढलं असतं, आईले काढलं असतं. आता कसं, तुमी खरंच सांगू शकता ना, मले माहीतच नव्हतं."

जूनपासून भेटेल त्याला तेच वाक्य सांगत आलो. मुनीमला, दादाला, अंगणात बसलेल्या सगळ्यांना. वाटायचं, माझं दुःख सांगतो आहे. ते तिनंच मला देऊन ठेवलं होतं, डबा बांधून द्यावा तसं. आणि मी ते रोज उघडून खात होतो आणि तिच्याच नावानं कुढत होतो.

तिनं नवी तार घातली, सांधा न देता, एकसंध. वर रबरी नळी चढवली. बाहेर आली तेव्हा गालावर ग्रीस होतं आणि डोळे लाल होते. म्हणाली, मारा सेल. मारला. एका हाकेत चालू.

सुमेध ड्युटीवर. घरात ये म्हणाली. निळा दरवाजा उघडा होता, आत बुद्धाचा फोटो दिसत होता, खाली दोन चपलांचे जोड. मी म्हटलं, आज नको. तिनं आग्रह केला नाही. डबा घेतला. तिथेच उघडून एक चकली तोंडात टाकली आणि म्हणाली, "दिवाळीची हाय," आणि मग मात्र रडली. मीही. रस्त्यावरचे सायकलवाले पाहत गेले. पाहू दे.

मागून ओरडली, "पुढच्या खेपेले या!"

५ जानेवारी, शनिवार

जुना सांधा खिशात घालून आणला होता. कमलला दिला. तिनं तो उजेडात धरून पाहिला, नखानं रेशमाचं टोक शोधलं. "माझंच गुंडाळणं हाय हे. तिचा हात एवढा गच्च नाई." मग पोरीनं मला आधी का नाही सांगितलं, तेही सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं." बायकांना सगळं वाटलेलंच असतं. मला कोणी सांगत का नाही?

दुपारी मागाचा आवाज आला. चादर काढून बसली होती. मी आत गेलो नाही.

९ जानेवारी, बुधवार

तीन सकाळी दवात उभी ठेवून पाहिली. तिन्ही वेळा एका हाकेत. साकोलीला गेलो. रफीकभाईनं दिवा लावून पाहिला, तारेवरून हात फिरवला, "अच्छा किया है," म्हणे, आणि चहा सांगितला. गजूभाऊ म्हणतो, माझ्या वॉशरमुळे बरी झाली. त्याची माफी मागितली त्या दिवशीच्या ओरडण्याची. म्हणे, कोणतं ओरडणं?

चिमट्याची तार परत द्यायला गेलो तर रफीकभाई घेईना. असू दे, कामाला येते, म्हणे. काय कामाला येणार आता?

१३ जानेवारी, रविवार

उद्या संक्रांत. वरठीचा माल आहे. कमलनं दोन डबे तिळाचे लाडू केले, दोन्ही माझ्यासमोरच भरले, फळीवर नाही ठेवले. गाडीच्या सीटवर नेऊन ठेवले.

संध्याकाळी दादा आला. म्हणे, "उद्या वरठीले जाऊन राहिला ना? मले स्टेशनवर सोड. गोंदियाले जायाचं हाय, व्याह्यानं बलावलं." म्हटलं, "चाल."

खाटेवर बसून राहिला. लाडू दिला तो हातातच. मग अंगणाकडे पाहत म्हणाला, "पोरीचं घर त्याच रस्त्यानं हाय म्हणते. तुले माहीत हाय का, कोणतं?"

कमल आत भांडी घासत होती. आवाज थांबला.

ते वाक्य ओठावर आलं होतं. सवयीचं झालं आहे. एवढंच म्हणायचं होतं, आणि दादा निवांत घरी गेला असता, उद्या खिडकीतून बाहेर पाहत निवांत स्टेशनवर उतरला असता, आणि मी परत येताना एकटाच तिच्या दारात थांबलो असतो.

म्हटलं, "माहीत हाय."

दादानं लाडू खाल्ला. पूर्ण खाल्ला, हात झटकले. "किती वाजता निघतं?"

"सहाले."

"बरं," म्हणाला आणि गेला. येतो म्हणाला नाही, नाही येत म्हणाला नाही.

तिचं नाव आज पूर्ण लिहितो. वैशाली. वैशू. घर डाव्या हाताला आहे, दादा बसला तर डाव्याच खिडकीशी बसेल. सकाळी धुवारी असेल, तरी निळा दरवाजा दिसतो, मी पाहिलं आहे.

गाडी आता कुठेही बंद पडत नाही. तिथे थांबायचं तर ब्रेक मलाच मारावा लागेल.